कंपनी सेक्रेटरी : पद, जबाबदारी आणि जोखीम

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



मुलामुलींनी कोणत्या व्यवसायात शिरावे याची चौकशी करताना पालकांचा पहिला प्रश्न शिक्षणाच्या खर्चाचा असतो आणि दुसरा पगाराचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु तिसरा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या कामात कुचराई झाली, किंवा दुसऱ्याच्या लबाडीखाली आपल्या मुलाची सही असली, तर कायदा कोणाला धरील? कंपनी सेक्रेटरी हे पद असे आहे की, हा तिसरा प्रश्न आधी विचारल्यावाचून त्यात शिरू नये. म्हणून आज मी या व्यवसायाची तारीफ थोडी आणि त्याच्या जबाबदारीची चर्चा जास्त करणार आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे सेक्रेटरी म्हटले की हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी, जमातीचा सेक्रेटरी, नाही तर साहेबांची पत्रे टाइप करणारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते. कंपनी सेक्रेटरी यांपैकी कोणीही नव्हे. तो कंपनीच्या कायदेशीर व्यवहाराची नोंद ठेवणारा, संचालक मंडळाला कायदा सांगणारा आणि सरकारपुढे कंपनीच्या वतीने सही करणारा अधिकारी आहे. मात्र त्याला हा मान पूर्वीपासून नव्हता. 1887 साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ट्रॅमगाड्या चालविणाऱ्या एका कंपनीच्या खटल्यात सेक्रेटरी हा निव्वळ नोकर आहे, सांगितले तेवढे करणे हेच त्याचे काम, असे मत दिले. 1971 साली त्याच न्यायालयापुढे दुसरा खटला आला. एका कंपनीच्या सेक्रेटरीने कंपनीच्या नावावर मोटारी भाड्याने घेतल्या आणि खाजगी कामासाठी फिरविल्या. कंपनी म्हणू लागली की आमचा या भाड्याशी संबंध नाही. लॉर्ड डेनिंग यांनी ते ऐकले नाही. काळ बदलला आहे, सेक्रेटरी हा आता कंपनीचा मोठा अधिकारी आहे, त्याने कचेरीच्या व्यवस्थेसाठी केलेला करार कंपनीला बांधून ठेवतो, असे ठरवून त्यांनी कंपनीला भाडे भरावयास लावले. चौऱ्याऐंशी वर्षांत नोकराचा अधिकारी झाला. अधिकारी झाला म्हणजे जबाबदारही झाला, हे ओघानेच आले.

आपल्या देशात 1956 च्या कंपनी कायद्याने प्रारंभी सेक्रेटरी नेमण्याची सक्ती केलेली नव्हती. ती 1974 च्या दुरुस्तीने आली. त्या वेळी पंचवीस लाख रुपये भरणा झालेले भागभांडवल ही मर्यादा होती. सेक्रेटरींची संस्था 1968 साली दिल्लीत स्थापन झाली, आणि 1980 च्या स्वतंत्र कायद्याने 1 जानेवारी 1981 पासून तिला वैधानिक दर्जा मिळाला. आज 2013 चा कंपनी कायदा लागू आहे. त्याच्या कलम 203 प्रमाणे शेअरबाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला आणि दहा कोटी रुपये किंवा अधिक भागभांडवल असलेल्या अन्य पब्लिक कंपनीला पूर्णवेळ सेक्रेटरी ठेवावा लागतो. 1 एप्रिल 2020 रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून दहा कोटींची हीच मर्यादा खाजगी कंपन्यांनाही आहे. जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांच्या आत संचालक मंडळाने सभेत ठराव करून ती भरावी लागते.

आता मूळ विषयाकडे येतो. कायद्याच्या कलम 2 मध्ये व्याख्या दिलेल्या आहेत. त्यांतील साठावा खंड प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावा. कंपनीकडून कसूर झाली की ‘कसूरदार अधिकारी’ कोण धरावयाचा, हे तो खंड सांगतो. पूर्णवेळ संचालक, आणि त्यांच्या खालोखाल ‘प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्ती’. सेक्रेटरी हा या दुसऱ्या वर्गात व्याख्येनेच येतो. म्हणजे एखाद्या कलमाने कसूरदार अधिकाऱ्यावर दंड बसविला असेल, तर सेक्रेटरीचे नाव नोटिशीत यावयास त्याने निराळे काही करावे लागत नाही. तो त्या पदावर होता, एवढे सुरुवातीला पुरते. पुढे तो आपली बाजू मांडू शकतो, पण नोटीस येते ती येतेच.

कलम 205 त्याची कामे सांगते. कंपनीला लागू असलेल्या कायद्यांचे पालन होते की नाही याचा अहवाल संचालक मंडळाला देणे, आणि सेक्रेटरींच्या संस्थेने ठरविलेली मानके पाळली जातील अशी व्यवस्था करणे, ही त्यांतील मुख्य. यात ‘लागू असलेले इतर कायदे’ असे शब्द आहेत. ते वाचताना सोपे वाटतात. कारखाना असेल तर त्यांत कामगारांचे कायदे आले, भविष्यनिर्वाह निधी आला, प्रदूषणाचे नियम आले. सेक्रेटरीने स्वतः धुराडी तपासावीत अशी अपेक्षा नाही, परंतु धुराड्याचा परवाना संपला आहे हे मंडळाच्या कानावर लेखी घालणे त्याचे काम आहे. तोंडी सांगितलेले चौकशीच्या दिवशी कोणालाही आठवत नाही.

सर्वांत जास्त जपावयाची वस्तू म्हणजे सभेचे इतिवृत्त, ज्याला कचेरीत सगळे मिनिट बुक म्हणतात. संचालक मंडळाच्या वर्षातून किमान चार सभा व्हाव्यात, दोन सभांत एकशेवीस दिवसांहून अधिक अंतर नसावे, सात दिवसांची सूचना द्यावी, सभेला एकतृतीयांश किंवा दोन यांपैकी जी मोठी ती संख्या हजर असावी. सभेनंतर पंधरा दिवसांत मसुदा सर्व संचालकांकडे जावा, सात दिवसांत त्यांनी आपले म्हणणे कळवावे, आणि तीस दिवसांच्या आत इतिवृत्त पुस्तकात नोंदले जावे. हा क्रम साधा आहे. इतिवृत्त वेळेवर लिहिले नाही तर कंपनीला पंचवीस हजार आणि कसूरदार अधिकाऱ्याला पाच हजार दंड आहे. या रकमेने कोणी घाबरणार नाही. पण त्याच कलम 118 चा शेवटचा उपखंड वाचा. इतिवृत्तात फेरफार केल्याचे सिद्ध झाले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड. उशीर आणि फेरफार यांत कायद्याने एवढे अंतर ठेवले आहे.

हे मी विस्ताराने सांगतो, कारण मोह येतो तो येथेच. मालकमंडळींनी जूनमध्ये एका नातेवाइकाच्या फर्मला कर्ज देऊन टाकलेले असते. सप्टेंबरात बँक ठराव मागते. मग बोलावणे येते : “जूनच्या सभेत एवढा एक ठराव घालून द्या, सगळेच तर आपले आहेत.” खरोखर सगळे आपलेच असतात. जोवर भावाभावांत वाटणी निघत नाही, बँकेचा हप्ता थकत नाही, किंवा कंपनी बुडून तिचे दप्तर कोणा तिऱ्हाइताच्या हाती जात नाही, तोवर त्या ठरावाकडे कोणी पाहत नाही. त्यानंतर मात्र पहिले पाहिले जाते ते पान तेच. ज्यांनी “घालून द्या” म्हटले त्यांची चिठ्ठी कोठेही नसते. अक्षर आणि सही सेक्रेटरीची असते. अशा वेळी करावयाचे ते असे : आज नवी सभा बोलवा, आजच्या तारखेने झालेल्या व्यवहाराला मंजुरी देण्याचा प्रस्ताव मांडा, कायद्याने ती मंजुरी मागाहून देता येते का ते तपासा, आणि येत नसेल तर तसे लिहून द्या. जूनचे पान जूनमध्ये जसे होते तसेच राहू द्या.

खोटे विवरण जाणूनबुजून दाखल केले, किंवा महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून दडविली, तर कलम 448 लागू होते आणि शिक्षेसाठी ते आपल्याला कलम 447 कडे, म्हणजे लबाडीच्या कलमाकडे नेते. रक्कम दहा लाख रुपये किंवा कंपनीच्या उलाढालीचा एक टक्का यांपैकी जी कमी, तेवढी किंवा त्याहून अधिक असेल तर किमान सहा महिने आणि कमाल दहा वर्षे कैद आहे. दंड लबाडीच्या रकमेएवढा तरी होतो, आणि तिपटीपर्यंत जाऊ शकतो. सार्वजनिक हिताला बाधा पोचली असेल तर कैद तीन वर्षांहून कमी नसते.

विवरणपत्रे दाखल करण्याच्या तारखांविषयी थोडक्यात सांगतो. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपले की नेहमीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हावयास हवी. तिची सूचना एकवीस पूर्ण दिवस आधी जावी. सभेनंतर तीस दिवसांत हिशेबपत्रके आणि साठ दिवसांत वार्षिक विवरणपत्र निबंधकाकडे भरावे. उशीर झाला तर प्रत्येक पत्रकामागे दररोज शंभर रुपये जादा फी चढते, आणि तिला कमाल मर्यादा नाही. दोन्ही पत्रके दोनशे दिवस रखडली तर चाळीस हजार रुपये झाले. दंड निराळाच. हिशेबपत्रकांच्या विलंबाचा दंड कायद्याने आधी व्यवस्थापकीय संचालक आणि वित्त अधिकारी यांच्यावर ठेवला आहे. वार्षिक विवरणपत्राचा दंड मात्र प्रत्येक कसूरदार अधिकाऱ्यावर आहे. दहा हजार आणि पुढे दररोज शंभर, अधिकाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत. 2019 आणि 2020 च्या दुरुस्त्यांनी अशा अनेक कसुरी फौजदारी न्यायालयातून काढून निबंधकाच्या निर्णयावर सोपविल्या, ही चांगली गोष्ट झाली. त्यावर साठ दिवसांत प्रादेशिक संचालकाकडे अपील करता येते. पण आदेशात बहुधा असेही लिहिलेले असते की, अधिकाऱ्याने ही रक्कम स्वतःच्या उत्पन्नातून भरावी. आणि हे आदेश मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नावानिशी प्रसिद्ध होतात.

आता डिजिटल सही. 2006 सालापासून कंपन्यांची दप्तरे हळूहळू संगणकावर गेली आणि कागदावरच्या सहीची जागा किल्लीएवढ्या एका टोकनने घेतली. अनेक कचेऱ्यांत हे टोकन हिशेबनिसाच्या खणात असते आणि त्याचा पिन त्याच खणाच्या आतल्या बाजूला चिकटविलेला असतो. कोऱ्या स्टँपपेपरवर सही करून देऊ नये, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकविले. हे टोकन दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कोऱ्या कागदांची सबंध वही सही करून देणे होय. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याचे कलम 42 सांगते की, सहीची खाजगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी ज्याची सही त्यानेच घ्यावयाची आहे. “मी भरले नाही, क्लार्कने भरले” हा बचाव फार पातळ आहे.

शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीत सेक्रेटरी हाच सेबीच्या नियमांप्रमाणे अनुपालन अधिकारी असतो. तिमाहीचा नफा किती, लाभांश मिळणार की नाही, दुसरी कंपनी विकत घेण्याचे घाटते आहे काय, हे जगाला कळण्यापूर्वी ज्या मोजक्या लोकांना ठाऊक असते त्यांत तो असतो. येथे मला पालकांशी बोलावयाचे आहे, विद्यार्थ्यांशी नव्हे. आपला मुलगा किंवा मुलगी अशा पदावर गेली की घरात कौतुक होते, आणि ते व्हावेच. मग एखाद्या लग्नकार्यात मामू किंवा चाचा बाजूला घेऊन सहज विचारतात, “तुमच्या कंपनीचा शेअर घ्यावा का?” प्रश्न मायेचा असतो. पण त्याचे खरे उत्तर दिले तर तो गुन्हा होतो. ते उत्तर ऐकून शेअर घेतला तर घेणाराही अडकतो, आणि जवळचे नातेवाईक हे माहीतगाराशी संबंधित आहेत असे नियम गृहीत धरून चालतात. सेबी कायद्याच्या कलम 15 जी प्रमाणे दंड किमान दहा लाख रुपये, आणि कमाल पंचवीस कोटी किंवा मिळविलेल्या नफ्याच्या तिप्पट यांपैकी जे अधिक ते. पाच हजारांच्या फायद्यासाठीसुद्धा आरंभ दहा लाखांपासून आहे. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर अठ्ठेचाळीस तास उलटेपर्यंत अशा माणसांना स्वतःच्या कंपनीच्या शेअर्सचा व्यवहार बंद असतो. तेव्हा पालकांनो, मुलीने जेवताना कचेरीतल्या गोष्टी सांगितल्या नाहीत तर ती दूर गेली असे समजू नका. आणि तिला विचारूही नका.

चेक न वटण्याच्या खटल्यांचेही सांगितले पाहिजे. परक्राम्य संलेख कायदा, 1881 याच्या कलम 141 मध्ये संचालक आणि व्यवस्थापक यांच्याबरोबर ‘सेक्रेटरी’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. त्याच्या संमतीने, संगनमताने किंवा हयगयीने गुन्हा घडला असेल तर तोही दोषी. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली एसएमएस फार्मास्युटिकल्सच्या खटल्यात असे ठरविले की, केवळ पदावर होता म्हणून कोणाला गोवता येणार नाही, तो त्या वेळी कंपनीचा कारभार पाहत होता असे तक्रारीत स्पष्ट म्हटलेले असले पाहिजे. मात्र चेकवर ज्याची सही असते तो या सवलतीबाहेर राहतो. म्हणून सेक्रेटरीने बँकेच्या खात्यावर सही करण्याचा अधिकार मान म्हणून स्वीकारू नये. खात्यात पैसे किती आहेत हे ज्याच्या हाती नाही, त्याने चेकवर सही का करावी?

यापुढची गोष्ट गरीब आणि मध्यम घरांतून आलेल्या मुलांना विशेष लागू आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर लगेच नोकरी मिळतेच असे नाही. अशा वेळी कोणी येतो आणि म्हणतो, कचेरीत यावयाची गरज नाही, फक्त तुमचे नाव आणि सभासद क्रमांक द्या, दरमहा काही हजार घरपोच मिळतील. कंपनीला कायद्यापुरता सेक्रेटरी दाखवावयाचा असतो. काही जण तर अशी दोन-तीन नावे एकदम सांभाळतात. कायदा सांगतो की पूर्णवेळ सेक्रेटरी एका वेळी एकाच कंपनीत असला पाहिजे, अपवाद फक्त तिच्या उपकंपनीचा. शिवाय नाव दिले म्हणजे वर सांगितलेली सारी कलमे त्या नावाला चिकटली. सभा कधी झाली हे ठाऊक नाही, पुस्तक पाहिलेले नाही, आणि नोटीस मात्र घरच्या पत्त्यावर. संस्थेच्या शिस्तपालन समितीपुढे प्रकरण गेले आणि गैरवर्तन सिद्ध झाले तर सभासदांच्या नोंदवहीतून नाव कायमचे काढले जाऊ शकते. इतक्या वर्षांचा अभ्यास महिन्याच्या काही हजारांत विकला गेला, असे त्याचे रूप आहे. माझ्या मते कैदेच्या कलमांपेक्षा ही जोखीम अधिक जवळची आहे, कारण ती मदतीच्या रूपाने येते.

कायद्याने संरक्षण मुळीच दिलेले नाही असे नव्हे. कलम 205 मध्येच स्पष्ट केले आहे की, सेक्रेटरीच्या कामांमुळे संचालक मंडळाची आणि अध्यक्षांची स्वतःची कर्तव्ये कमी होत नाहीत. म्हणजे मंडळाने आपले ओझे सेक्रेटरीवर टाकून हात झटकावेत, हे कायद्याला मान्य नाही. कलम 463 प्रमाणे एखादा अधिकारी प्रामाणिकपणे आणि समंजसपणे वागला असे न्यायालयाला वाटले, तर हयगय झालेली असूनही न्यायालय त्याला पूर्णतः किंवा अंशतः जबाबदारीतून मुक्त करू शकते. पण प्रामाणिकपणा न्यायालयाला कागदावरच दिसतो. मंडळाला वेळोवेळी दिलेले अहवाल, “हे करू नये” असे कळविलेले पत्र, सभेपुढे ठेवलेली टिपणी, ही त्याची ढाल. राजीनाम्याचेही तसेच आहे. राजीनामा दिला, निरोपाचा चहा झाला, म्हणजे सुटका झाली असे नाही. सेक्रेटरी बदलल्याचे पत्रक कंपनीने तीस दिवसांत निबंधकाकडे भरावयाचे असते. ते भरले की नाही हे स्वतः पाहावे, आणि भरले नसेल तर राजीनाम्याची पोच जोडून निबंधकाला पत्र पाठवावे. नाही तर दोन वर्षांनी कंपनीच्या कसुरीची नोटीस जुन्या सेक्रेटरीच्या नावाने निघते.

इतके ऐकून काही मातांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते आहे. ही काळजी डॉक्टरकीतही आहे आणि वकिलीतही आहे. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा, मग एक्झिक्युटिव्ह आणि प्रोफेशनल असे दोन टप्पे, प्रत्येक विषयात चाळीस टक्के आणि एकंदर पन्नास टक्के गुण, आणि त्याबरोबर प्रात्यक्षिक प्रशिक्षण, असा हा मार्ग आहे. महाविद्यालयात रोज गेलेच पाहिजे असे नसल्याने गावी राहून, घरचे काम सांभाळूनही तो चालता येतो, आणि पुष्कळ मुली तो चालतात. इंग्रजीची तयारी मात्र आठवी-नववीपासून हवी, कारण कायद्याचे वाक्य एकेक परिच्छेदाएवढे असते.

शेवटी, पहिली नोकरी स्वीकारण्यापूर्वीचे एक काम. लग्न जमविताना आपण घराणे पाहतो, तशी कंपनी पाहा. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून कोणत्याही कंपनीचे सार्वजनिक दप्तर पाहता येते. गेल्या तीन-चार वर्षांची विवरणपत्रे वेळेवर भरली आहेत काय, लेखापरीक्षकाने कोणते शेरे मारले आहेत, कर्जाचे किती बोजे नोंदलेले आहेत, हे तेथे दिसते. आधीचे सेक्रेटरी किती दिवस टिकले, तेही दिसते. तीन वर्षांत चौघे सोडून गेले असतील, तर होकार कळविण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाला तरी भेटा आणि का सोडले ते विचारा.